लंडनची ईटीए, युरोपची नवी नोंदणी आणि एकाच कुटुंबातले दोन देशांचे पासपोर्ट : नेमके कोणाला काय लागते?

प्रश्न : कोथरूडचे आजोबा

नमस्कार. माझा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

येत्या जूनमध्ये (२०२६) माझ्या पुतण्याचे लग्न लंडनमधील हॅरो येथे आहे. मी (वय ७१) आणि पत्नी पुण्याहून जाणार आहोत, तर मुलगी, जावई आणि नात टोरांटोहून येणार आहेत. लग्न आटोपल्यावर १४ ते १८ जून असे पाच दिवस आम्ही पाचही जण युरोस्टार रेल्वेने पॅरिसला जाऊ आणि परत लंडनला येऊन तिथूनच आपापल्या घरी परतू. आम्हा दोघांचे पासपोर्ट भारतीय आहेत. मुलगी आणि जावई आठ वर्षे लंडनला होते, २०१८ मध्ये ते कॅनडाला गेले आणि आता तिघेही कॅनडाचे नागरिक आहेत. नातीचा जन्म लंडनचाच असल्यामुळे तिला ते रुग्णालय निदान बाहेरून तरी दाखवायचे, असा तिच्या आईचा बेत आहे.

ब्रिटनमध्ये प्रवेशासाठी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी सक्तीची झाल्याचे मुलीने कळवले. मी लगेच शोध घेतला आणि जे संकेतस्थळ सर्वांत वर आले त्यावर अर्ज भरायला बसलो. देशांच्या यादीत भारत होता, ब्रिटनचा ध्वज होता, राजमुकुटासारखे काहीतरी चिन्हही होते. दोघांचे मिळून साडेअठरा हजार रुपये सांगितले. मी कार्डाचा क्रमांक टाकला, ओटीपी आला, आणि तो टाकणार एवढ्यात पत्नीने स्वयंपाकघरातून विचारले, "गेल्या खेपेला बोटांचे ठसे द्यायला जावे लागले होते, मग या वेळी घरबसल्या कसे काय होते आहे?" मी हात आखडता घेतला. पैसे वाचले, पण गोंधळ तसाच राहिला.

तर आमच्यापैकी कोणाला ईटीए लागेल आणि कोणाला व्हिसा? आणि पॅरिससाठी ईईएस, ईटीआयएएस अशी जी दोन नावे कानावर येतात, ती एकच गोष्ट आहे की वेगवेगळ्या?

उत्तर १ : स्लाउकर

काका, काकूंचे आभार माना. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनची ईटीए मिळतच नाही. ज्या देशांच्या नागरिकांना अल्पकाळाच्या भेटीसाठी ब्रिटनचा व्हिसा लागत नाही, त्यांच्यासाठीच ही परवानगी आहे आणि त्या यादीत भारत नाही. तेव्हा आपल्या दोघांना पूर्वीप्रमाणेच पर्यटक व्हिसा काढावा लागेल. सहा महिन्यांच्या व्हिसाचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झाले होते, अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. या व्हिसावर मुदतीत कितीही वेळा ये-जा करता येते, त्यामुळे पॅरिसहून परत लंडनला येताना अडचण नाही.

ईटीएची सुरुवात नोव्हेंबर २०२३ मध्ये कतारच्या नागरिकांपासून झाली. पुढे आखातातले इतर काही देश आले, ८ जानेवारी २०२५ पासून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे आले आणि २ एप्रिल २०२५ पासून युरोपीय देशांचे नागरिकही त्यात आले. परंतु वर्षभर अंमलबजावणी बरीच सैल होती, ईटीए नसलेल्या प्रवाशालाही पुष्कळदा सांभाळून घेतले जात असे. २५ फेब्रुवारी २०२६ पासून मात्र ती सवलत संपली. आता विमान कंपनी बोर्डिंग पास देण्याआधी ब्रिटिश गृहखात्याच्या यंत्रणेकडे विचारणा करते आणि तिकडून होकार आला नाही तर प्रवासी टोरांटोच्या काउंटरवरूनच परत फिरतो. लंडनला उतरून अधिकाऱ्याची समजूत घालू, ही सोय राहिलेली नाही.

मुलगी, जावई आणि नात या तिघांनीही ईटीए काढावी. लहान मुलांना सूट नाही, तान्ह्या बाळालाही स्वतंत्र ईटीए लागते. शुल्क एप्रिल २०२५ पासून माणशी १६ पौंड होते आणि पुढे ते २० करण्याचा मानस सरकारने जाहीर केला होता. एकदा मिळाली की ती दोन वर्षे, किंवा पासपोर्टची मुदत त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत चालते. अर्ज फक्त ब्रिटिश सरकारच्या अधिकृत अ‍ॅपवर किंवा 'गव्ह डॉट यूके' या संकेतस्थळावर करावा. उत्तर बहुधा लगेच येते, तरी तीन कामाचे दिवस हाताशी ठेवावेत.

उत्तर २ : निवृत्त तिकीटबाबू, दादर

पॅरिसचा भाग मी घेतो. पस्तीस वर्षे तिकिटे कापण्यात गेली, त्यामुळे सवय सुटत नाही.

ईईएस आणि ईटीआयएएस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईईएस ही परवानगी नसून सीमेवरची नोंदणी आहे. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी प्रवाशाचा चेहरा, बोटांचे ठसे आणि आत-बाहेर गेल्याची तारीख संगणकात नोंदवली जाते. तिच्यासाठी आधी अर्ज नाही आणि शुल्कही नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि १० एप्रिल २०२६ पासून युरोपातील २९ देशांच्या सर्व बाह्य सीमांवर पूर्णपणे लागू करण्याचे ठरले. युरोपीय संघाबाहेरच्या प्रत्येक अल्पकालीन पाहुण्याला ती लागू आहे, मग त्याला व्हिसा लागत असो वा नसो. म्हणजे आपणा पाचही जणांना.

ईटीआयएएस मात्र ब्रिटनच्या ईटीएसारखी आगाऊ परवानगी आहे, व्हिसा न लागणाऱ्यांसाठी. ती अजून सुरूच झालेली नाही. २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत ती येईल असे युरोपीय संघाने जाहीर केले आहे, शुल्क २० युरो ठरले आहे. जूनमध्ये आपल्या मुलीच्या कुटुंबाला तिची गरज नाही. आज जो कोणी ती विकत असेल, तो आपल्याला साडेअठरा हजारांत ईटीए विकणाऱ्याचा भाऊबंद समजावा.

आपणा दोघांना शेंगेन व्हिसा, म्हणजे फ्रान्ससह त्या २९ देशांचा सामाईक व्हिसा, लागेल. फक्त पॅरिसच करणार असल्याने अर्ज फ्रान्सकडे करायचा, शुल्क ९० युरो, आणि सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असला तरी चालेल. व्हिसासाठी दिलेले ठसे त्यांच्या यंत्रणेत असतातच, त्यामुळे सीमेवर ते नव्याने नोंदवत नाहीत, केवळ पडताळून पाहतात आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतात. आमच्या वयाच्या लोकांना मात्र इथेच वेळ लागतो. रेशनच्या दुकानात ज्यांचा अंगठा उमटत नाही, त्यांचा तिथल्या काचेवर तरी एका दमात कसा उमटेल? बोटे कोरडी असतील तर जरा ओलसर करून ठेवावीत, हा अनुभवाचा सल्ला आहे.

युरोस्टारची एक गंमत लक्षात ठेवा. फ्रान्सची तपासणी पॅरिसला होत नाही, ती लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकात गाडीत बसण्यापूर्वीच होते, तिथे फ्रेंच सीमा-पोलीस बसलेले असतात. परतताना ब्रिटनची तपासणी पॅरिसच्या गार द्यू नॉर स्थानकात होते. त्यामुळे स्थानकावर गाडी सुटण्याच्या किती आधी पोहोचायचे, हे तिकिटावर पाहून त्यात आणखी थोडा वेळ मिळवावा.

एक प्रश्न विचारून थांबतो. मुलीच्या आणि जावयाच्या पासपोर्टची मुदत कधी संपते? ब्रिटनला केवळ मुक्कामाइतकी मुदत पुरते, परंतु शेंगेन देशांतून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट जिवंत असावा लागतो आणि तो गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा लागतो.

उत्तर ३ : मिसिसागाची मावशी

सर्व उत्तरे नीट वाचली आणि शेवटी मूळ प्रश्न पुन्हा वाचला. त्यातल्या एका वाक्यावरून सगळ्यांची नजर घसरली आहे असे मला वाटते. नातीचा जन्म लंडनचा आहे!

ब्रिटनमध्ये जन्मलेले प्रत्येक मूल ब्रिटिश नागरिक होते असे नाही, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. पण १ जानेवारी १९८३ नंतर तिथे जन्मलेल्या मुलाच्या आईकडे किंवा वडिलांकडे जन्माच्या दिवशी ब्रिटिश नागरिकत्व अथवा कायम वास्तव्याचा हक्क, म्हणजे आयएलआर, असेल, तर ते मूल जन्मतःच ब्रिटिश असते. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही आणि पासपोर्ट काढला नाही म्हणून ते नागरिकत्व जातही नाही. पुढे आईवडिलांनी देश सोडला आणि त्यांचा आयएलआर संपला, तरी मुलाच्या नागरिकत्वाला धक्का लागत नाही.

आणि ब्रिटिश नागरिकाला ईटीए घेता येत नाही. त्याने ब्रिटिश पासपोर्ट दाखवावा, किंवा दुसऱ्या देशाच्या पासपोर्टसोबत 'सर्टिफिकेट ऑफ एन्टायटलमेंट' (ब्रिटनमध्ये राहण्याच्या हक्काचा दाखला) दाखवावे, ज्याचे शुल्क २०२६ च्या सुरुवातीला ५८९ पौंड होते. नुसत्या कॅनडाच्या पासपोर्टवर आजवर अशी मुले बिनदिक्कत जात-येत होती, कारण विमान कंपनीला त्यांच्याकडे अधिक काही मागण्याचे कारण नव्हते. २५ फेब्रुवारीपासून ते कारण निर्माण झाले आहे.

कॅनडातल्या आम्हा जुन्या लोकांना हे ओळखीचे वाटते. १० नोव्हेंबर २०१६ पासून कॅनडाने स्वतःची ईटीए सक्तीची केली, तेव्हा कॅनडाचे नागरिकत्व असलेल्या पण दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवर फिरणाऱ्या लोकांची हीच गत झाली होती. आमच्या ओळखीचे एक कुटुंब त्या डिसेंबरमध्ये परदेशातल्या विमानतळावर मुलाला घेऊन दोन दिवस अडकून पडले होते.

तेव्हा काका, जावयांना एकच विचारा : आयएलआर कोणत्या तारखेला मिळाला आणि नातीचा जन्म कोणत्या तारखेचा?

प्रश्नकर्ता : कोथरूडचे आजोबा

मावशी, आपण विचारले ते बरे झाले. काल रात्री टोरांटोला फोन लावला. जावयांना आयएलआर ऑक्टोबर २०१५ मध्ये मिळाला आणि नात फेब्रुवारी २०१६ ची आहे. चार महिन्यांचा फरक! जावई क्षणभर गप्पच झाले. त्या वेळी परत भारतात येण्याचा विचार होता, म्हणून त्यांनी लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयात तिच्या जन्माची नोंद करून भारतीय पासपोर्ट घेतला, ब्रिटिश पासपोर्ट काढण्याची आवश्यकता कोणाला वाटली नाही. पुढे कॅनडाचे नागरिकत्व मिळाल्यावर तो भारतीय पासपोर्ट रीतसर परत केला. दहा वर्षांची पोर ब्रिटिश आहे, हे घरात कोणाच्या गावीही नव्हते.

तिकीटबाबूंच्या प्रश्नाचे उत्तरही द्यायचे आहे. जावयांचा पासपोर्ट २०३२ पर्यंतचा आहे, परंतु मुलीचा ३० ऑगस्ट २०२६ ला संपतो. आणि तिने गेल्या रविवारीच त्याच पासपोर्टवर ईटीए काढून ठेवली आहे. मंजुरीचा ईमेल पंधरा मिनिटांत आला म्हणून ती खुशीत होती. आता काय करावे?

उत्तर ४ : निवृत्त तिकीटबाबू, दादर

१८ जूनला फ्रान्समधून निघणार, म्हणजे पासपोर्ट निदान १८ सप्टेंबरपर्यंत हवा. एकोणीस दिवस कमी पडतात. सेंट पँक्रसला फ्रेंच पोलीस तो पासपोर्ट स्वीकारणार नाहीत. मुलीने पासपोर्ट नव्याने काढावा. ईटीए पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेली असते, त्यामुळे नवा पासपोर्ट हाती आल्यावर ईटीए पुन्हा काढावी लागेल. आधीचे शुल्क गेले असे समजावे. आमच्या धंद्यात आम्ही नेहमी पासपोर्टची शेवटची तारीख आधी पाहत असू आणि प्रवाशाचे नाव नंतर.

उत्तर ५ : स्लाउकर

मावशींचे म्हणणे बरोबर आहे आणि माझे पहिले उत्तर नातीपुरते चुकीचे होते. वाचणाऱ्यांनी ते दुरुस्त करून घ्यावे. जन्माचा उल्लेख मी वाचला होता, पण रुग्णालय पाहण्याच्या हौसेचा भाग म्हणून सोडून दिला.

मागच्या वर्षी माझ्या मेव्हणीने मुलासाठी पहिला ब्रिटिश पासपोर्ट काढला, तोही असाच परदेशातून, म्हणून कागदपत्रांबद्दल थोडे लिहितो. जन्माचा दाखला आईवडिलांची नावे असलेला, पूर्ण लागतो. लंडनच्या रजिस्ट्रारकडे नोंद करताना पुष्कळांनी फक्त छोटा दाखला घेतलेला असतो, तो चालत नाही. पूर्ण दाखल्याची प्रत ऑनलाइन मागवता येते. जन्माच्या दिवशी जावयांकडे आयएलआर होता याचा पुरावा द्यावा लागतो : गृहखात्याचे पत्र, जुन्या कार्डाची प्रत, त्या काळातला पासपोर्ट, यांपैकी जे सापडेल ते शोधून ठेवावे. ओळख पटवणारी त्रयस्थ व्यक्तीही लागते.

मेव्हणीचे घोडे मात्र यातल्या कशावरही अडले नाही, ते अडले नावावर. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव आलेच पाहिजे. जन्माच्या दाखल्यात मुलाचे एकट्याचे नाव आणि आडनाव होते, तर दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवर मधे वडिलांचे नाव आले होते. ब्रिटिश पासपोर्ट कार्यालयाचा आग्रह असतो की सर्व देशांच्या कागदांवर नाव एकच असावे. त्यांच्या दृष्टीने ते वडिलांचे नाव नसून मुलाचे दुसरे नाव होते, आणि ते दाखल्यात का नाही, याचा खुलासा करण्यात पाच आठवडे गेले. जावयांना आजच सांगा : दाखला, जुन्या भारतीय पासपोर्टची प्रत आणि कॅनडाचा पासपोर्ट शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.

पासपोर्ट वेळेत आला तर नातीने दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवावेत. टोरांटोला ब्रिटनसाठी ब्रिटिश आणि परतताना कॅनडासाठी कॅनडाचा दाखवावा. फ्रान्ससाठी दोन्हींपैकी कोणताही चालेल, पण जाताना जो दाखवला तोच येताना दाखवावा, नाही तर ईईएसमध्ये एक मुलगी आत गेली आणि दुसरीच बाहेर आली अशी नोंद होईल. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत, फक्त छायाचित्र घेतात.

एक उपप्रश्न : नाशिकचा विद्यार्थी

विषय थोडा बाजूला नेतो, क्षमस्व. मी भारतीय पासपोर्टवर मुंबईहून लंडनमार्गे टोरांटोला शिकायला जाणार आहे, हीथ्रोला फक्त विमान बदलायचे आहे. मला यातले काही लागते का?

उत्तर ६ : निवृत्त तिकीटबाबू, दादर

ईटीए नाही. हीथ्रो आणि मँचेस्टर येथे इमिग्रेशन न ओलांडता विमान बदलणाऱ्यांना ती तूर्त माफ आहे, परंतु ती सवलत ईटीए लागणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टला एरवी ट्रान्झिट व्हिसा (फक्त विमान बदलण्यासाठीचा) लागतो, मात्र कॅनडाचा वैध व्हिसा हाती असणाऱ्यांना ठरावीक अटींवर तो माफ होतो. त्या अटी तिकीट घेण्यापूर्वी वाचा. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे सामान थेट टोरांटोला जाईल. वेगवेगळी तिकिटे घेऊन चार हजार रुपये वाचवणारे आणि सामान घेण्यासाठी बाहेर पडता न आल्याने तिथेच अडकलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

प्रश्नकर्ता : कोथरूडचे आजोबा

आठवड्यानंतर लिहीत आहे. आमचा फ्रान्सच्या व्हिसाचा अर्ज पुण्यातच देऊन झाला. पत्नीच्या उजव्या अंगठ्याने तीनदा दगा दिला, चौथ्यांदा उमटला. ब्रिटनच्या व्हिसाची तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली आहे. मुलीने नव्या पासपोर्टसाठी छायाचित्रे दिली आहेत.

नातीच्या बाबतीत मात्र स्लाउकरांनी सांगितले तेच निघाले. लंडनच्या दाखल्यात तिचे फक्त नाव आणि आडनाव आहे, जुन्या भारतीय पासपोर्टवर मधे जावयांचे नाव आहे, आणि कॅनडाच्या पासपोर्टवर ते पुन्हा नाही. आयएलआरचे पत्र तळघरातल्या खोक्यात सापडले. आता खुलासा करायचा आहे तो फक्त त्या रद्द झालेल्या भारतीय पासपोर्टचा. मेव्हणीबाईंनी त्या वेळी कोणत्या स्वरूपाचे पत्र दिले होते, साधे स्वतःच्या सहीचे की नोटरीकडून करून घेतलेले, एवढे कळवाल का? अर्ज येत्या शुक्रवारी पाठवायचा आहे.

उत्तर ७ : स्लाउकर

साधे पत्र, आई आणि वडील दोघांच्या सहीचे. मधले नाव हे वडिलांचे नाव असून महाराष्ट्रात ते तसे लावण्याची पद्धत आहे, मुलाचे स्वतःचे दुसरे नाव नव्हे, असे दोन वाक्यांत लिहिले होते आणि सोबत वडिलांच्या पासपोर्टची रंगीत प्रत जोडली होती. नोटरी त्यांनी मागितला नाही. नातीचा तो पासपोर्ट परत केल्याची पावती जावयांकडे असेलच, तिचीही प्रत जोडायला सांगा.